मालकाची दुसरी टीम

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. मिलच्या मागे कोंड्याचा ढीग लागायचा ना, तसंच. आज ढीग लावू या असं कोणी ठरवत नाही. रोज थोडा थोडा पडतो आणि एक दिवस पाहतो तर मागची भिंतच दिसत नाही! मी गोंदियात एका राइस मिलमध्ये हजेरी-क्लार्क होतो. नोकरी खाजगी, त्यामुळे पेन्शन वगैरे काही मिळालं नाही. मालकाचे किस्से मिळाले. तक्रार नाही माझी, नुसतं सांगून ठेवतो.

मालक म्हणजे खुशालराव. आधी सात गावांचे मालगुजार. म्हणजे सातही गावांचा शेतसारा त्यांनी वसूल करायचा, तलाव त्यांचे, तलावातले मासे त्यांचे, आणि ते रस्त्यात दिसले की समोरच्यानं चपला हातात घ्यायच्या. मग स्वराज्य आलं, मागाहून कायदा आला आणि मालगुजारी गेली. राहिली राइस मिल, मिलिटरीच्या लिलावातली एक जीप आणि तोंड. तोंडाला कायदा लागू झाला नाही.

*

हा कायदा समजावून सांगायला नागपूरहून एक साहेब आले होते. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो बरं का, राजधानी नागपूर. शाळेच्या पटांगणात सभा. मालक पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या खुर्चीवर.

साहेब दीड तास बोलले. जमीन आता कसणाऱ्याची, तलाव सरकारचे, यापुढे कोणी कोणाचा मालक नाही. लोक टाळ्या वाजवायला जायचे आणि मालकांकडे पाहून हात मांडीवर ठेवायचे.

शेवटी मालक उठले. म्हणाले, "साहेब, सात गावं घेतली. चांगलं केलं. आता माइक तं परत करा! तो मिलमधून आणला हाय."

साहेबांनी दिला हो! आभाराचं भाषण बिनामाइकचं झालं आणि ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

*

गावं गेल्यावर मालकांना करमेना. सकाळी उठून सात ठिकाणी ओरडायची सवय लागलेली. एकट्या मिलमध्ये माणूस ओरडून ओरडून किती ओरडणार! मग त्यांनी कबड्डीची टीम काढली.

दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, पाहुणेरावळे येतात. आमच्या मंडईत कबड्डीचे सामने असायचे आणि आजूबाजूच्या गावांच्या टीमा उतरायच्या. मालकांनी मला मॅनेजर केलं. कारण काय, तर मला नियमांचं पुस्तक वाचता येत होतं. त्यांनी ते पुस्तक शेवटपर्यंत उघडू दिलं नाही ही गोष्ट वेगळी.

खेळाडू निवडायचा दिवस आला. मिलच्या हमालांना रांगेत उभं केलं. मालकांनी त्यांना पळवलं नाही, खेळवलं नाही. धान मोजायच्या काट्यावर चढवलं! सगळ्यांत जड सात जण निवडले आणि मग सातही जण एकदम उभे केले.

काटेवाला म्हणाला, "मालिक, तेरह मन दो सेर."

"लिही बाबू," मालक मला म्हणाले. "समोरची टीम कितीची भरंल?"

मी म्हटलं, "मालक, ती शेतातली पोरं. दहा मण भरली तरी पुष्कळ."

"मंग खेळायची गरजच काय हाय? तीन मणानं आपुन जिंकलो!"

मंडईवाल्यांनी ऐकलं नाही, खेळावं लागलं. आमचा कॅप्टन मंगरू, दोन मणाचा गडी. पाठीवर पोतं घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून धावायचा तेव्हा बघत राहावं असा. पण मैदानात त्याच्या पाठीवर काही नव्हतं ना! दरवेळी पुढच्या पुढे तोल जायचा आणि समोरच्यांच्या मांडीत जाऊन पडायचा. त्यांना पकडायचेही कष्ट पडले नाहीत.

फायनल हरलो. मालक मैदानात आले.

"मंगरू, पुढच्या वर्षी पोतं घेऊन खेळ," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

*

आता हरलो कोणाशी ते ऐका. आंजनटोल्याशी. गोंदियाजवळच्या नागरा गावाच्या पुढे हे लहानसं गाव, आणि मालकांच्या गेलेल्या सात गावांपैकी एक! त्यांचा कॅप्टन झनकलाल. चार एकर धानाची शेती, अंगानं काडी. पण ही पोरं लहानपणापासून रोवणीच्या चिखलात उभी राहिलेली, त्यांचा पाय एकदा रुतला की मिलचं इंजिन लावलं तरी हलायचा नाही.

मालकांना हरण्याचं दुःख नव्हतं. आंजनटोल्याशी हरण्याचं होतं.

"माह्या तलावाचे मासे खाऊन मोठे झाले हे पोट्टे," ते ऑफिसात येरझारा घालत म्हणाले. "म्हणजे कोणाचे झाले? बाबू, ही टीम आपुन घेऊन टाकू."

"मालक, टीम आहे की आपल्याकडे."

"मंग? मिलमध्ये एकच चक्की असते का? एक भुसा काढते, एक पॉलिश मारते. दोन टीमा पाहिजेत."

मी म्हटलं, "पण फायनलला दोन्ही आपल्याच आल्या तर?"

"तं जिंकलो!"

"आणि हरलोही, मालक."

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. दोन दिवस ऑफिसात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"बाबू, विचार केला. दुसरी आली का पहिली विकून टाकू."

हे मंगरूच्या कानावर गेलं. बिचारा घामाघूम होऊन ऑफिसच्या दारात उभा. "मालक, आमाले कोणाले विकून राहिले जी?"

"कोणी घेत नाही बे," मालक म्हणाले. "म्हणून तं तू अजून इथं हाय."

मंगरू खूश होऊन गेला. नोकरी पक्की झाली असं त्यानं दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

*

मला सायकलवर आंजनटोल्याला पाठवलं. टीम विकता का, विचारून ये. राजेहो, आयुष्यात मी पुष्कळ विचित्र कामं केली, पण हे विचारायला तोंड उघडत नव्हतं!

झनकलाल भला माणूस. म्हणाला, "बाबूजी, सायकल सावलीत लावा. पहिले चहा घ्या. मंग मी नाही म्हणतो."

चहा झाला. तो नाही म्हणाला.

मी म्हटलं, "का रे बाबा? चांगली बनियनं मिळतील, बूट मिळतील, जीपमधून मंडईला जाल."

तो कपातला उरलेला चहा अंगणात ओतत म्हणाला, "माह्या बापाले कोणी विचारे का तू कोणाचा, तं तो सांगे, मालकाचा. मले विचारलं तं मी सांगतो, आंजनटोल्याचा. दोन-चार वर्सं तं झाली असं सांगून राहिलो. आता टीम विकली तं हे पोट्टे काय सांगतील जी?"

यावर पुस्तकात नियम नव्हता.

आतून त्याची म्हातारी आई बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. "ने ना बाबू! सातही जण ने. पण त्याईची भूक बी संगं ने. सकाळपासून एक टोपलं भात संपवला मेल्यांनी!"

परत निघालो तर वाटेत गावचा तलाव लागला. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फुटलेली होती, चांगलं बैलगाडी जाईल एवढं भगदाड. पूर्वी असं झालं की मालगुजार माणसं लावून पाळ बांधून द्यायचे. आता तलाव सरकारचा. गावानं अर्ज केला होता, अर्ज नागपुरात होता आणि पाणी नाल्यात होतं. आख्खं गाव त्या पाण्यावर धान पिकवणारं. झनकलालच्या चारातले दोन एकर त्या वर्षी पडीत होते. चहा पिताना त्यानं यातलं एक अक्षर काढलं नव्हतं.

खरं सांगतो, मीठ मालकाचं खात होतो. पण सायकल मारता मारता मला वाटलं, नाही विकली टीम तर बरं होईल. हे मी मालकांना सांगितलं नाही. पोट मलाही होतं.

मालकांना मी जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हातारी तयार हाय ना? मंग अर्धं काम झालं."

*

उरलेलं अर्धं काम मालकांनी किरकोळीत करायचं ठरवलं. ठोक मिळत नसेल तर सुटा माल घ्यायचा, व्यापारी माणूस! आंजनटोल्याच्या तीन पोरांना मिलमध्ये नोकरी दिली. तलावात पाणी नाही, शेतात काम नाही, पोरं आली. कामाला वाघ. मालक रोज त्यांना पाहायला फळीपाशी यायचे आणि मिशीत हसायचे.

"सातातून तीन गेले, राहिले किती?" मला विचारायचे.

"चार, मालक."

"चौघांत कबड्डी होते का?"

"नाही, मालक."

"हं!"

मंडईच्या आदल्या दिवशी तिघंही माझ्याकडे आली. उद्याची सुट्टी पाहिजे. मी विचारलं, कशाला? म्हणाली, गावात काम आहे. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, गावात काम. आता ते काम काय असेल हे मला कळायला नको होतं? कळलं होतं हो. पण रजिस्टरात कारण लिहायचा रकाना केवढासा असतो!

फायनल पुन्हा आंजनटोल्याशी. तिघंही समोरून उतरली. आणि कशी उतरली! वर्षभर आमच्या मिलमध्ये पोती उचलून दंड असे झालेले. आमच्या मिलचा भात खाऊन मान भरलेली. मंगरूला तर ती नावानं हाक मारून पकडत होती. "ये मंगरूभाऊ, ये!" आणि हाही हाकेला ओ देऊन जात होता.

मालक खुर्चीवरून उठले नाहीत. सामना संपल्यावर मला जवळ बोलावलं. मला वाटलं, झालं! नोकरी गेली.

"बाबू, त्या तिघाइले आजची सुट्टी तू देल्ली?"

"हो, मालक."

"बिनपगारी का पगारी?"

मी म्हटलं, "पगारी. सणाची असते."

"म्हणजे आज मी माह्याच पगारावर हारलो," ते म्हणाले. "असं कोणाचं झालं का रे आपल्या तालुक्यात?"

मी म्हटलं, माझ्या माहितीत तरी नाही. तेवढ्यानं त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं. तिघांची नोकरी त्यांनी काढली नाही. उलट एकाला काट्यावर मोजणीला घेतलं.

*

तिसऱ्या वर्षी मंडईला आठवडा उरला असताना मालक सकाळीच मिलमध्ये आले. नवा फेटा, खांद्यावर नवा दुपट्टा. जीपमध्ये एक गठ्ठा होता. सोडून दाखवला, हिरवी बनियनं! छातीवर मिलचं नाव शिवून घेतलेलं. नग सात.

"बस बाबू. आंजनटोल्याले सौदा करून येऊ. तुह्यानं होत नाही, मीच करतो."

आम्ही पोचलो तर गाव गोळा झालं. मालगुजारी गेली असली तरी इतक्या वर्षांची सवय, दोन-तीन म्हाताऱ्यांनी चपला हातात घेतल्या. मालक पिंपळाखालच्या पारावर बसले. झनकलालला समोर बसवलं. आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या मध्ये पसरला.

बैलबाजार पाहिलाय ना तुम्ही? तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. जितकी बोटं तितका भाव. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. मालकांनी चाळीस वर्षं अशाच जोड्या घेतल्या होत्या. पण बैलबाजारात गुपचूप बसणं वेगळं आणि आपल्याच जुन्या गावात सगळ्यांसमोर गुपचूप बसणं वेगळं. ते मालकांना जमण्यासारखं नव्हतं.

"ऐका रे!" ते ओरडले. "एक बोट म्हणजे गावाले विहीर. दोन बोटं म्हणजे विहीर अन् शाळेच्या छपरावर नवे कवेलू. तीन बोटं म्हणजे हे सारं अन् मंडईले दोन गॅसबत्त्या. चार बोटं म्हणजे हे सारं अन् तलावाची पाळ. पाच धरले तं मागा जे मागायचं ते! झनक, घाल हात."

झालं! कापडाखालचा भाव हात घालायच्या आधीच गावभर झाला. पाळ म्हणाल्याबरोबर सगळ्या माना झनकलालकडे वळल्या. दोन वर्षं पाणी वाहून गेलेलं. त्याचे स्वतःचे दोन एकर पडीत. मागे त्याचे सहा गडी उभे होते, त्यातले तीन आमच्याच मिलचे. म्हातारी आई दारात उभी होती, आज तिनं भुकेचा विषय काढला नाही. मला वाटलं, धरणार हा चार बोटं. आणि का धरू नयेत? मी त्याच्या जागी असतो तर पाचही धरली असती आणि वर कोपरापर्यंत गेलो असतो!

झनकलालनं दुपट्ट्याखाली हात घातला.

मालकांनीही घातला. चेहऱ्यावर बाजारातलं हसू. मग ते हसू थोडं कमी झालं. दुपट्टा हलायला लागला. मालकांचा खांदा हलायला लागला. कापडाखाली काहीतरी ओढाताण चालली होती. झनकलाल मात्र मांडी घालून शांत बसलेला, डोळे मालकांच्या फेट्यावर. मालकांच्या कपाळावर घाम आला. फेटा एका बाजूला झुकला. गाव श्वास धरून त्या दुपट्ट्याकडे पाहत होतं. मालक गप्प असे मी आयुष्यात तेवढेच पाहिले.

मग दुपट्टा हलायचा थांबला. मालकांनी हात बाहेर काढला, अंगठ्या सरळ केल्या, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि उठले. झनकलालही उठला आणि त्यानं वाकून नमस्कार केला. "चहा घेऊन जा जी," म्हणाला.

"नको," मालक म्हणाले. एवढंच.

जीप निघाली. बनियनांचा गठ्ठा माझ्या मांडीवर. मालक पुढे बसलेले. नागरा मागे पडलं. गोंदियाजवळ रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी जात होती, लांबलचक. मला राहवेना.

"मालक, किती बोटं दिली त्यानं?"

"बोटं कायची देते! मूठ देल्ली बे. अशी आवळून धरली, अशी आवळून धरली, का एक बोट सुटंल तं शपथ!"

मी गठ्ठ्यावरची दोरी नीट करत बसलो. मला आतून आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर येऊ नये एवढीच काळजी होती. गाडीचे डबे संपता संपेनात.

"बाबू," मालक मागे न बघता म्हणाले, "उद्यापासून मिलचे वीस गडी अन् गाड्या आंजनटोल्याले लाव. पाळीचं काम सुरू कर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पण मालक, सौदा तर झाला नाही. त्यानं मूठ दिली ना?"

"मुठीत बोटं किती असतात?"

"पाच."

"अन् पाळ कितीची होती?"

"चार बोटांची, मालक."

"मंग? बसते ना त्यात!"